मी शिवलेली छत्री

हॅलो?… हॅलो, कोण, दिया?… अगं थांब, हात टाल्कमने भरलेत, फोन निसटतोय… थांब गं. स्पीकरवर टाकते. हं. पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला. बोल आता.

नाही, जेवण झालं केव्हाच. डायनिंग टेबलवर बसलेय. बाबांचं रॉकेट काढलंय… हो, तेच. दुसरं कुठलं असणार आपल्याकडे? तुकडे सुटे करून मांडलेत, तरी शेपटाकडचा भाग खुर्चीवर ठेवावा लागला. एवढं धूड!

उद्या. उद्या सकाळी उडवायचंय, उम्म अल कुवैनच्या वाळवंटात. राहुल येणारे न्यायला… हो, तोच, बाबांच्या रॉकेट क्लबातला. बाबा गेल्यापासून बिचारा दर आठवड्याला फोन करतो, काकू काही हवं का. म्हटलं, हवंय. उद्या मला घेऊन चल.

ऐक… अगं ऐक ना… दिया, इंग्लिशमध्ये ओरडू नकोस. आईशी भांडायचं तर मराठीत भांड.

हो, ते कळलं मला. क्लबाला देऊन टाक म्हणतेस. देणारच आहे. महिनाअखेरीला हे घर सोडायचं, व्हिसा संपतोय, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये ते आडवं मावत नाही, उभं तर नाहीच. कार्गोवाला बघून गेला. म्हणाला, मॅडम, ये तोप है क्या? हात जोडून निघून गेला… तेच सांगतेय. देणार क्लबाला. पण आधी उडवणार, मग देणार.

का म्हणजे?

तू सांग, त्याची छत्री कोणी शिवली?… पॅराशूट म्हण नाहीतर छत्री म्हण, शिवली कोणी?… मी. त्या जुन्या मशीनवर, ते निसरडं कापड, सारखी टीप सुटायची. बाबा बाजूला चहा घेऊन उभे. आणि ती आकाशात उघडलेली मी किती वेळा बघितली?… हं. एकदाही नाही. तुम्ही दोघं शुक्रवारी पहाटे निघायचात, मी थालीपीठं बांधून द्यायची आणि परत पांघरुणात. उन्हात उभं राहून धूर काय बघायचा, म्हणायची. बाबा दरवेळी विचारायचे, येतेस का. मी म्हणायची, पुढच्या खेपेला.

आता पुढची खेप हीच एक उरलीय.

आपटलं तर आपटलं… नाही, तसं नाही. आपटायला नकोय मला. छत्री उघडलेली बघायचीय, म्हणूनच तर दुपारपासून खपतेय ना. तू फोन केलाच आहेस तर मदत कर. बाबांनी ते बारीकसारीक तुला शिकवलं, मला फक्त घडी घालता येते.

व्हिडिओ? परदेशी जाऊन दुबई विसरलीस वाटतं. इथे व्हिडिओ कॉलला बंदी, कुठला लागायला. आवाज येतोय तेच नशीब समज.

घडी झाली. निऱ्या काढून, मधे दोऱ्या सरळ ठेवून… हो, टाल्कम लावली, चिकटू नये म्हणून… बिनवासाची?… थोडी वासाची आहे. चंदनाची. रॉकेटला काय कळतंय. आणि तो जाड पिवळा रुमाल गुंडाळलाय भोवती, बार उडताना कापड जळू नये म्हणून. बघ, एवढं येतं मला.

बारची काळी पावडर? छे, ती घरात कशाला ठेवीन? राहुलकडे असते, कुलपात, परवाना त्याच्या नावावर आहे. उद्या तिकडे वाळूत गेल्यावर तोच बार भरणार. माझ्याकडे नुसत्या वायरी आणि बार भरायची ती रिकामी टोपणं.

हं, सांग. ती हिरवी सर्किटची पट्टी आहे हातात, बिस्किटाएवढी. दोन आहेत… माहितीये, एक फसली तर दुसरी. बाबा म्हणायचे, ही त्याची अक्कल. वर गेलं की हवा विरळ होते, ते हिला कळतं. अगदी शिखरावर आलं की ही एक बार उडवते, छोटी छत्री बाहेर; जमिनीजवळ आलं की दुसरा बार, नाकाडं सुटतं, मोठी छत्री बाहेर. बघ, पाठ आहे की नाही? रोज जेवताना ऐकायचं म्हटल्यावर पाठच होणार. तो माणूस वरण-भात कालवता कालवता मला हवेचा दाब शिकवायचा.

वायरी पिळल्या. वात वळतो ना, तशा घट्ट… ओढून बघितल्या. निघत नाहीत… लाल खूण वरच्या बारची, निळी खालच्याची. अदलाबदल नाही केलेली, दोनदा बघितलं. तुमच्यासारखं नाही.

अगं, विसरेन कशी! वायरींची अदलाबदल झाली, मोठी छत्री वरच उघडली आणि रॉकेट निघालं वाऱ्यावर फिरायला. शेवटी उंटांच्या कुंपणात सापडलं. तू दहावीत… हो हो, नववीत. बाबांचा फोन आला, 'वासंती, आम्हाला उशीर होईल, एका उंटाने आपलं रॉकेट चाटायला घेतलंय.' मला वाटलं, ऊन लागलं या माणसाला.

आणि त्या उंटवाल्या म्हाताऱ्या अरबाने तुम्हाला हाकलायचं सोडून त्यांची ती कॉफी, कहावा पाजला. बरोबर खजुराचा डबा दिला. संध्याकाळी दारात उभे तुम्ही, केसांत वाळू, तुझं नाक भाजून लाल, आणि दोघंही असे हसताय जसे काही चंद्रावरून आलात. मी काय केलं? आधी बूट बाहेर काढा, म्हटलं… हसू नकोस. दुसरं काय म्हणणार? सकाळी लादी पुसली होती मी.

बेल वाजतेय, थांब… हां भैया, इधर ही रख दो… नहीं, धनिया बोला था, पुदिना नहीं… अच्छा ठीक है, रहने दो… ग्रोसरीवाला गं. कोथिंबीर सांगितली तर पुदिना आणला. तोही म्हणत होता, आंटी, आप जा रहे हो सुना? सगळ्या बिल्डिंगला माहीत झालंय. काल खालची सायरा रडली माझ्या गळ्यात पडून. दुबईत, या अल मनखूलमध्ये आले तेव्हा म्हटलं होतं, दोन वर्षं काढू आणि जाऊ परत. तू झालीस, मोठी झालीस, उडून गेलीस, आणि आमची दोन वर्षं काही संपली नाहीत.

बरं बरं. बॅटरी. नवी आणलीय. जिभेला लावून बघू?… बाबा लावायचे. 'आंबट लागली, चांगली आहे' म्हणायचे… अगं लावत नाही, नुसतं म्हटलं. मीटर लावते. हं, भरलेली आहे.

आता चालू करू? बार रिकामे आहेत ना, मग काय भीती… करते. ऐक हं…

ऐकलंस? पीप, पीप, पीप. आणि पुन्हा पीप, पीप, पीप. म्हणजे बार पेटवणाऱ्या दोन्ही काड्या जोडलेल्या. दुसरीही ओरडतेय. हा आवाज या घरात केव्हापासून झाला नव्हता… अगं, सुट्टीच्या दिवशी सकाळी हाच आवाज यायचा. मी उशी कानावर घ्यायची. म्हणायची, या घरात सवत आणून ठेवलीय. आणि ते आतून ओरडायचे, 'सवत नाही गं, सून आहे, माहेरी पोचवून आणतो.' काहीही बोलायचे.

बंद केलं, बंद केलं. पट्ट्या नळीत सरकवते… बसल्या. झालं सगळं? खलास?

काय बघू?… कुठली भोकं?

हा मधला पट्टा, रॉकेटच्या कमरेवरचा… हो, पोपटी रंगाचा… इथे कुठे आहेत भोकं? कुंकू आहे इथे.

दसऱ्याचं. पूजा केली ना मी. दरवर्षी करते तशीच. चाकू, इस्त्री, शिवणाचं मशीन आणि हे.

हो, ओलं कालवून लावलं, मग ते वाळणारच… यंदा जरा जास्त लागलंय. रंजिता आत्याचा फोन आला होता त्या दिवशी. म्हणाली, वहिनी, यंदा तू नको गं लावूस, कोणा सवाष्णीला बोलव. मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि वाटीभर हळद-कुंकू कालवलं. बोटं नाही ओढली, तळव्याने फासलं. ज्याची पूजा त्याला चालतं, मग बाकीच्यांचं काय जातंय?

थांब, नखाने खरवडते… आहेत. आत भोकं आहेत गं. गच्च भरलीत.

म्हणजे ते नाक आहे त्याचं? यातूनच हवा कळते?… दोन्ही पट्ट्यांना? मग दोन लावून उपयोग काय, नाक दोघींचं एकच आणि ते मी बुजवलं… म्हणजे वर गेलं असतं, पट्ट्या गप्प, बार गप्प, आणि तसंच तोंडावर खाली. उद्या माझ्या डोळ्यांदेखत. देवा.

पण मला कळत नाही. दरवर्षी लावते मी. दसऱ्यानंतर किती वेळा उडवलंत तुम्ही, तेव्हा कशी उघडली छत्री?… हॅलो? दिया? काय म्हणालीस?

काय सांगायचं नव्हतं मला?

कसली टेप?

नीट सांग बाई… पूजेच्या आधी? दरवर्षी?

म्हणजे मी निरांजन लावून उभी, तूप संपत आलेलं, आणि आतून 'वासंती, दोनच मिनिटं, आलोच'… तेव्हा ते भोकांवर टेप लावत असायचे?… आणि तू तुकडे कापून द्यायचीस. हं. म्हणून दोघं एकदम यायचात, चोरासारखे. मी दर दसऱ्याला त्या माणसाला बोलले गं. म्हणायची, रॉकेट वेळेवर सुटतं, तुम्ही तेवढे पूजेला वेळेवर येत नाही. आणि तो आपला टाळ्या वाजवत आरती म्हणायचा.

मला दिसली कशी नाही?… पोपटीच टेप. रंगाला रंग. आणि मी झोपले की काढून टाकायचे.

मला सांगितलं असतं तर मी बाजूला लावलं असतं की. त्यात काय होतं?

काय म्हणाले?… परत सांग. नाही, तुझ्या शब्दांत नको, ते जसे म्हणाले तसं सांग.

'कळलं तर ती बिचकत लावेल. लावू दे तिला मनासारखं.'

…आहे. आहे गं लाइनवर.

रडतेय. मग काय करू? तो माणूस असा होता आणि मला आत्ता कळतंय, आता कोणाला सांगू?… नाही, तुला बोलत नाहीये. तू लहान होतीस. शब्द दिला होतास, पाळलास. शहाणी माझी.

नाही, पाणी नको. तू तिकडून काय पाणी देणार?

काय?… नको उडवू? मघाशी भांडत होतीस ते आपटेल म्हणून, आणि आता कुंकवासाठी?… तुला राहू द्यायचंय तसंच. कळतंय मला. आईने लावलेलं, बाबांच्या रॉकेटवर. पण ते क्लबाच्या काचेच्या कपाटात नुसतं बघायला ठेवू, आणि छत्री आत घडी घालून तशीच? दरवर्षी टेप काढायचे ना ते? कशासाठी काढायचे? उडावं म्हणून. मग.

शिवणाच्या डब्यातली सुई घेतलीय. जाड, गोधडीची… हो, हलक्या हाताने. आत ढकलत नाही, बाहेर ओढतेय. निघतंय. भुसभुशीत झालंय… हे एक झालं. थांब, दिव्याकडे धरते… दिसतंय गं. आरपार उजेड दिसतोय.

राहुलला सांगते ना, उद्या बार भरायच्या आधी त्यानेही एकदा बघावं. आणि तू उठून बस वेळेवर, मी तिथून फोन लावीन… बोलणार नाही काही. मला त्या वेळी बोलता यायचं नाही. तू नुसती ऐक, छत्री उघडली की मी हो म्हणेन.

आता दुसरं घेतलं… अगं नाही, ओलं फडकं कशाला? सगळं नाही पुसत. भोकांपुरतंच कोरतेय. बाकीचं राहू दे त्याच्या अंगावर, तसंच जाऊ दे वर.

हो, जाडच आहे थर. मनासारखं लावलंय.

ठेव आता. दोन्ही हात लागतात याला.