जुळ्या बाटल्या

(प्रशांत महासागरातल्या नियुए बेटावर एकटी राहणारी तिवा आणि ऑकलंडला राहणारी तिची मुलगी लांगी. व्हिडिओ फोन लागलेला आहे.)

लांगी : आई, जरा हलू नकोस. चित्र अडकलंय.

तिवा : मी कुठे हलतेय? मघापासून पायरीवर बसलेय. दिसतेय का?

लांगी : दिसतेस, पण डोळे मिटलेले आणि तोंड उघडं. जांभई देताना अडकलीस.

तिवा : वा. नातवाने तेवढंच बघायचं राहिलं होतं. काढ दुसरं.

लांगी : ते आपल्या हातात नसतं गं. आवाज येतोय ना? आवाजावर भागवू.

तिवा : येतोय. तुमच्याकडे रविवार ना आज? प्रार्थनेला नाही गेलीस?

लांगी : दहाला आहे. वेळ आहे अजून. तुझा शनिवार.

तिवा : आमची तारीख एक दिवस मागे, आमचा आपला शनिवारच. पोर जन्मल्यापासून माझ्या उद्यात राहतंय. बरं, ते जाऊ दे. गावी येऊन गेलेल्या हेसीबरोबर सामान पाठवलं होतं, तिने दिलं का?

लांगी : दिलं. विमानतळावरून थेट इकडेच आली बिचारी, स्वतःच्या घरी जायच्या आधी.

तिवा : सगळं दिलं?

लांगी : सगळं.

तिवा : काय काय ते सांग बघू.

लांगी : एकावर एक रचायचे डबे. दूधपावडरचा मोठा डबा, झाकणाला फट पाडलेला. त्यात टाकायची बाटल्यांची बुचं. मासळीच्या डब्याची गाडी.

तिवा : गाडीची चाकं फिरतात?

लांगी : तीन फिरतात.

तिवा : चौथ्याचा मला तेव्हाच संशय होता. आणि फट कशाला ते कळलं का त्याला?

लांगी : लगेच. सगळी बुचं आत टाकतो, डबा उपडा करतो, परत टाकतो. परवा माझी घराची किल्ली टाकली. सगळं घर धुंडाळलं, कामावर जायला उशीर झाला.

तिवा : तुझ्या बापावर गेलाय. तोही वस्तू जपून ठेवायचा आणि मग आपण सगळ्यांनी मिळून शोधायची.

लांगी : डब्यांच्या कडा इतक्या गुळगुळीत कशा केल्यास? मी बोट फिरवून बघितलं. कुठे लागत नाही.

तिवा : दगडाने ठोकून आत वळवल्या. मग गालावर फिरवून बघितल्या. हाताला कळत नाही आता, हात राठ झालेत.

लांगी : आणि एवढे डबे आले कुठून? नर्सने तुला डब्यातलं खारं मांस बंद केलंय ना?

तिवा : केलंय.

लांगी : आई.

तिवा : मी नाही गं खाल्लं. एकटीच्या घरात कचरासुद्धा होत नाही. एक डबा रिकामा व्हायला किती दिवस लागतात. शेजाऱ्यांकडे मागावं, तर शेजारी कुठे आहेत? मोकाचं घर बंद, पलीकडचं बंद, त्याच्या पलीकडच्याला छप्पर नाही. मग चर्चमध्ये जेवण झालं की भांडी घासायच्या जागी जाऊन उभी राहायचे आणि डबे मागून घ्यायचे. पाद्रीबाबांची बायको म्हणाली, तिवा, घरात खायला नाही का? म्हटलं, खायला आहे, खाणारे नाहीत.

लांगी : असं सगळ्यांसमोर कशाला बोलायचं?

तिवा : सगळे कुठे होते? आम्ही दोघीच होतो. बरं, तू बाटलीचं नाव घेतलं नाहीस.

लांगी : बाटली आहे की. बाटलीही आहे.

तिवा : वाजवतो?

लांगी : वाजवतो.

तिवा : मग ऐकव. त्यासाठीच फोन केलाय.

लांगी : आत्ता? खेळात रमलाय गं. नंतर कधीतरी.

तिवा : नंतर फोन लागत नाही. ऐक, तुला सांगितलं नव्हतं, मी दोन केल्यात. एक तुमच्याकडे पाठवली, एक माझ्या मांडीवर आहे. एकसारख्या बाटल्या, दोन्हींत एकाच झाडाच्या बिया. तुझ्या बापाच्या थडग्यापाशी तांबड्या बियांचं झाड आहे ना, त्याच्या. एक ओंजळ हिच्यात, एक तिच्यात.

लांगी : दोन कशाला?

तिवा : मागच्या वेळी काय झालं आठवतंय? मी त्याला हाक मारली. त्याने तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लाल बटण दाबलं.

लांगी : दीड वर्षाचं पोर आहे आई. त्याला लाल रंग आवडतो.

तिवा : मला कळतं ते. पण फोन बंद झाला आणि मी तशीच बसून राहिले. त्याला माझी भाषा येत नाही. त्याच्या पाळणाघरातली भाषा मला येत नाही. आणखी दोन वर्षांनी मी त्याची कोण असेन? फोनमधली जांभई देणारी बाई. म्हणून म्हटलं, बोलायलाच नको. मी इथून वाजवीन, तो तिथून वाजवेल. आवाज सारखा आला की पोराला कळेल, पलीकडे आपलं कुणीतरी आहे. आता ऐकव.

लांगी : थांब. आणते.

तिवा : लांगी? गेलीस कुठे? कसला डबा उघडलास?

लांगी : काही नाही, बाटली ओट्यावर होती. घे रे फेतू, वाजव. आजीला ऐकव. अस्सं. ऐकलंस?

तिवा : परत.

लांगी : वाजव फेतू. बघ कसा हसतोय.

तिवा : हा तांदूळ आहे.

लांगी : काय?

तिवा : बिया टपटपतात, तांदूळ सरसरतो. डोळे अधू झालेत माझे, कान नाही.

लांगी : आई, हेसीला विमानतळावर तपासणीत विचारलं, झाडापानांचं काही आणलंय का. तिने बाटली काढून दाखवली.

तिवा : कशाला दाखवली? मी तिला बजावलं होतं. झाकण चिकटवलंय, बिया आत आहेत, कुणाला दिसणार?

लांगी : बाटली पारदर्शक आहे आई.

तिवा : हो. ते ध्यानातच आलं नाही.

लांगी : तिथल्या बाईने झाकण उचकटलं, बिया काढून घेतल्या आणि बाटली परत दिली. हेसी म्हणाली, बाई चांगली होती. तिलाही वाईट वाटलं.

तिवा : मागच्या वेळी त्यांनी करवंटीची होडी काढून घेतली, म्हणून यंदा सगळं कचऱ्यातून केलं. डबे तुमच्याकडूनच जहाजाने आलेले, बाटल्या तुमच्याकडच्या. म्हटलं, तिकडचा कचरा तिकडे, कोण अडवतंय.

लांगी : बाहेरच्या बिया इथे रुजतात म्हणून काढून घेतात.

तिवा : आणि माणसं रुजत नाहीत? मोका गेली, तिची पोरं गेली, तुझा भाऊ गेला, तू गेलीस. अख्खं गाव विमानात बसून गेलं, एकालाही कुणी अडवलं नाही. अडवल्या त्या माझ्या ओंजळभर बिया.

लांगी : तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही.

तिवा : मग इतके दिवस पोर रिकामी बाटली घेऊन बसलं होतं?

लांगी : नाही. वाजत नाही म्हटल्यावर त्याने फेकून दिली. कपाटाखाली गेली होती.

तिवा : खोटं नको बोलूस गं मला. इथून मला काही दिसत नाही. तू सांगशील तेच माझ्यासाठी खरं. दर फोनला सांगतेस, सगळं छान चाललंय. त्यातही तांदूळच असतो का?

लांगी : तसं काही नाही.

तिवा : लांगी.

लांगी : असतो कधीकधी.

तिवा : तुझा नवरा पैसे पाठवत नाही?

लांगी : पाठवतो. फोन फारसा करत नाही. आधी ऑस्ट्रेलियातल्या कामावरून रोज फोन यायचा, आता आठवड्याने येतो, तोही पोर झोपल्यावर. मी रात्री हॉस्पिटलच्या फरशा पुसते. फेतू शेजारणीकडे झोपतो. ती भली आहे, पण तिची भाषा मला येत नाही आणि माझी तिला. हसतो आम्ही एकमेकींकडे बघून. तो पाळणाघरातून आला की मी त्या दीड वर्षाच्या पोराशीच बोलते आई. कधीकधी वाटतं, बोलायचं विसरेन.

तिवा : परत ये. घर आहे, तिन्ही खोल्या रिकाम्या आहेत.

लांगी : आणि काम?

तिवा : ते नाही.

लांगी : मग तू ये इकडे.

तिवा : तुझ्या बापाच्या थडग्यावरची पानं कोण झाडेल? रोज पडतात.

लांगी : दर वेळी इथेच येऊन थांबतो आपण.

तिवा : हं. फेतूचे केस कापले नाहीस ना?

लांगी : नाही गं. मानेखाली आलेत. वेणी घालते. बसमध्ये सगळे विचारतात, मुलीचं नाव काय.

तिवा : विचारू देत. मुलाचे पहिले केस सगळ्या गावाने कापायची आपली रीत, तू कात्री लावू नकोस. मोठा झाला की इथे आण. अंगणात खुर्ची मांडू, डुक्कर मारू, आणि सगळ्यांनी एकेक बट कापायची. तुझ्या भावाच्या वेळी रस्त्यापर्यंत माणसं होती.

लांगी : सगळ्यांनी म्हणजे कुणी, आई?

तिवा : मी आहे. पाद्रीबाबा आहेत, त्यांची बायको आहे.

लांगी : हेसीला मी घेऊन येईन.

तिवा : मग झालं तर. बटा मोठ्या मोठ्या घेऊ. थांब जरा, फोन ठेवू नकोस.

लांगी : कुठे निघालीस? काय ओततेस?

तिवा : माझ्या बाटलीतल्या बिया काढतेय.

लांगी : नको आई. बाबांच्या झाडाच्या आहेत त्या.

तिवा : झाड कुठे जातंय? तुझा बाप तरी कुठे जातोय? पोराच्या बाटलीत तांदूळ, तर माझ्याही बाटलीत तांदूळ. सारखं झालं की झालं. किती घातलेस?

लांगी : मूठभर.

तिवा : तुझी मूठ की त्याची?

लांगी : माझी.

तिवा : मग माझीही एक. मुठी सारख्याच आहेत आपल्या. आणि तुझं झाकण घट्ट आहे ना? सांडलं तर पोर तोंडात घालेल, नाकात घालेल.

लांगी : फिरवून बसवलंय. वरून पट्टी चिकटवते. ही चिकटवली.

तिवा : चित्र आलं का?

लांगी : नाही. तू अजून जांभईतच आहेस.

तिवा : असू दे. त्याला फोनपाशी बसव. आणि तू काही बोलू नकोस, हाक मारू नकोस. ऐक हं. आलं ऐकू?

लांगी : आलं. तो थांबलाय. हातातल्या बाटलीकडे बघतोय.

तिवा : का?

लांगी : वाजली, पण त्याने हलवली नव्हती.

तिवा : परत वाजवते.

लांगी : आता त्याने हलवली.

तिवा : ऐकली मी. आता मी.

लांगी : परत त्याने.

तिवा : कळतंय गं. तू गप्प राहा.

लांगी : आई, तो फोन उलटा करतोय.

तिवा : बटण शोधतोय का?

लांगी : नाही. फोनच्या मागे बघतोय. आता उशीच्या मागे. उठला. दाराच्या मागे बघून आला.

तिवा : काय हवंय त्याला?

लांगी : तू, आई. सांगू त्याला, आजी लांब आहे म्हणून?

तिवा : नको, सांगू नकोस. शोधू दे.