साहेबांशी खेळायची रॅकेट

कुदुस शहरातल्या खेळाच्या सामानाच्या एका दुकानात सकाळचे ऊन टांगलेल्या रॅकेटींच्या तारांतून गाळून निघत, फरशीवर अतिशय सावकाश पसरत होते. साहेब झाल्यापासून कचेरीतल्या शुक्रवारच्या बॅडमिंटनमध्ये अजिंक्य ठरलेला गालिह रांगेत उभा राहून ते पाहत होता. पुढे एक अनोळखी जोडपे होते.

"अहो, मधल्या किमतीचीच घ्या, पण हलकी."

"जड हवी. फटका चांगला बसतो."

"साहेबांशी खेळताना? तुम्हाला तर हरायचंच असतं."

"हरायलाही चांगली लागते गं. फूल नेमकं जाळीत घालावं लागतं, संशय न येता."

"संशय येत नाही त्यांना?"

"छे. हल्ली मलाच शिकवतात."

"बिचारे."

गालिहने निवडलेली महागडी रॅकेट पुन्हा खुंटीला लावली. साहेब होण्यापूर्वी तो एकही सामना जिंकला नव्हता.