ठकीच्या कानातली खरखर

…आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही घरी रेडिओ मोठ्याने लावता का हो?" अहो, रेडिओ! ताई गेल्यापासून आमच्या घरात चमचा पडला तरी सगळे दचकतात, तिथे रेडिओ कोण लावणार, आणि लावलाच समजा, तरी घरातली खरखर शाळेत बसलेल्या पोरीच्या कानात कशी जाईल, मी काय ती डब्यात भरून देतो? पण हे मोठ्या बाईंना सांगायचं कोणी? मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर बसलं की मला अजून वाटतं, आता ह्या पाढे विचारणार. मी सातवीत शाळा सोडली ती पाढ्यांच्या भीतीनेच. आणि आता बघा, रोज शाळेत जातोय. ज्याला ऐकू येतं ना, त्याचेच हाल असतात, तुम्हाला सांगतो.

ठकी माझी भाची. ताईची पोर. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून दोन्ही कानांना मशीन, आणि त्या मशीनला एक बारका रेडिओ जोडलेला. वर्गाच्या बाईंच्या गळ्यात माईक. बाई फळ्याकडे तोंड करून बोलोत नाहीतर खिडकीशी जाऊन बोलोत, आवाज हवेतून येतो तो सरळ पोरांच्या कानात. चांगली सोय आहे. फक्त बाईंनी मधल्या सुट्टीत माईक बंद करायला विसरू नये, नाहीतर सगळ्या वर्गाला बाईंची सासू कशी आहे ते कळतं. आमच्या ठकीने घरी येऊन साग्रसंगीत सांगितलं होतं. ताई हसून हसून खाली बसली होती.

तर ताई गेली. कशी गेली ते विचारू नका. ताप आला, दवाखान्यात नेली, मी घरून तिच्यासाठी डबा घेऊन गेलो आणि भरलेला डबा परत घेऊन आलो. बास. ठकीचा बाप आधीच कुठे तरी निघून गेलेला, त्याचं नाव आम्ही घेत नाही. राहिलो कोण? मी, ठकी आणि आमची आई.

आणि त्यानंतर काही दिवसांत ही खरखर सुरू झाली. रोज दुपारी. सकाळी पोरगी ठीक असते, दुपारचा वर्ग सुरू झाला की कानातलं मशीन उपटते. बाईंनी विचारलं, काय झालं? तर म्हणते, खरखर. आणखी काय? तर म्हणते, आजी. बाई म्हणाल्या, आजीची आठवण येते का बाळा? पोरीने मान हलवली. आता ती मान हो म्हणून हलवली का नाही म्हणून, कोण बघतो?

मग एका दुपारी परीक्षा घेतली. ह्यांची परीक्षा कशी असते माहीत आहे का? बाई तोंडासमोर पुठ्ठा धरतात आणि शब्द बोलतात, पोराने तो परत म्हणायचा. पुठ्ठा का, तर ही पोरं ओठ वाचतात, आणि ओठ मोठे लबाड असतात. मामा म्हणा, बाबा म्हणा, ओठांवर दोन्ही एकच दिसतं. मशीन कानात नसलं की ठकी मला भर बाजारात बाबा म्हणून हाक मारते. माझं लग्न व्हायचंय हो अजून! भाजीवालीने परवा विचारलं, एवढी मोठी मुलगी? म्हटलं, मावशी, नुसतं वजन करा.

तर पुठ्ठ्याआडून मोठ्या बाई म्हणाल्या, फूल. ठकी म्हणाली, करपली. बाई म्हणाल्या, गाडी. ठकी गप्प. बाई म्हणाल्या, झाड. ठकी म्हणाली, परत करपली.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. मोठ्या बाईंनी चष्मा काढला की समजायचं, काही खरं नाही. म्हणाल्या, मुलीच्या मनावर परिणाम झालाय, हे दुःख आहे, तिला या वर्गातलं काही झेपत नाही, दुसऱ्या गावी निवासी शाळा आहे, तिथे राहणं-जेवणं सगळं होतं, पुढच्या परीक्षेतही असंच झालं तर तिकडे पाठवू. किती गोड आवाजात म्हणाल्या! म्हटलं, बाई, दुःख आम्हालाही आहे, पण आम्हाला करपल्याचे आवाज येत नाहीत, मशीन बिघडलंय. त्या म्हणाल्या, मशीन तपासलंय, मशीन उत्तम आहे. म्हणजे पोरगीच बिघडली म्हणा की! एक गेली ती गेली, आता ही दुसरी नेऊन ठेवा कुठल्या तरी वसतिगृहात, आणि आम्ही मायलेकरांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं. ज्याला ऐकू येतं, त्याचेच हाल.

मी तडक गेलो कानवाल्या सरांकडे. हे सर शाळेतली मशीनं सांभाळतात, माणूस भला, पण बोलतो इतकं हळू की त्यालाच माईक द्यावा. म्हणाले, हे बघा, रेडिओ म्हटला की त्यात दुसरं काहीही घुसू शकतं, जुन्या ट्यूबलाईटची चोक, लिफ्टची मोटर, नाहीतर जवळपास कोणी तरी आपल्याच चॅनेलवर बोलत असेल. आणि त्यांनी मला एक खोका दिला, ठकीच्या रेडिओसारखाच, त्याला साधा हेडफोन. म्हणाले, हा ठकीच्या चॅनेलवर लावलाय, दुपारी घालून फिरा, आवाज जिकडे वाढेल तिकडे चोर.

चोर म्हटल्यावर माझं डोकं फिरलंच. मी गॅरेजात काम करतो, खिशात पाना असतोच.

पहिल्याच दिवशी वर्गात शिरलो, स्टूल घेतलं आणि सगळ्या ट्यूबा काढल्या. वर्गात अंधार गुडुप! आणि पोरं ओरडायला लागली. अहो, पोरं ओठ वाचतात, हात वाचतात, त्यांचं अर्धं ऐकणं डोळ्यांनी असतं, मी त्यांचा उजेडच काढून घेतला ना! वर्गाच्या बाई म्हणाल्या, तुम्ही आमच्या मुलांना आंधळंही करणार आहात का? ट्यूबा परत लावल्या. खरखर होती तिथेच.

मग समोर इमारतीचं काम चाललंय तिथे गेलो. तिथल्या माणसांच्या हातात वॉकीटॉकी! म्हटलं, सापडला चोर. मुकादमाला म्हटलं, बंद करा हे. तो म्हणाला, वर क्रेन चालू आहे, बंद करून कसं चालेल? मी त्याच्या हातातून ते यंत्र हिसकावलं आणि ओरडलो, "ए, गप्प बसा सगळे, आमच्या पोरीला ऐकू येत नाही!" वर क्रेनवाल्याने काय ऐकलं देव जाणे, त्याने क्रेन जागच्या जागी थांबवली, विटांचं अख्खं ओझं आमच्या डोक्यावर लोंबकळत. सगळे गप्प. आणि त्या सगळ्या शांततेत माझ्या कानातल्या हेडफोनात… खरर, खरर, आणि त्यामागे बारीक आवाजात कोणी तरी बोलतंय. बाई माणूस. म्हणजे हा चोर नव्हेच. मुकादमाने मला कॉलरला धरून बाहेर काढलं ते बरोबरच होतं, मी काही म्हणत नाही.

पण बाई माणूस आहे, एवढं कळलं ना! मी शाळेच्या आवारात फिरायला लागलो. फाटकाशी गेलो, आवाज कमी. स्वच्छतागृहाशी गेलो, जरा जास्त. मागच्या भिंतीशी गेलो, खरखर मागे पडली आणि बोलणं पुढे आलं. भिंतीला कान असतात म्हणतात, ह्या भिंतीला तोंड होतं! म्हटलं, आता सोडत नाही. चढलो भिंतीवर, पलीकडे उडी टाकली, पँट फाटली, फाटू दे, गल्लीतून धावलो, आवाज वाढतोय, वाढतोय, उजवीकडे वळलो, एका घराचं मागचं दार उघडं दिसलं, पाना काढला, शिरलो आत.

आत आमची आई भाजी ढवळत होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच आमचं घर, हे काय मला माहीत नव्हतं? रोज ठकीला मी त्याच गल्लीतून नेतो.

आता तुम्हाला सांगायचं राहिलंच. शाळेने ताईला घरी वापरायला एक माईक दिला होता. ठकीच्याच चॅनेलवर, म्हणजे ताईने स्वयंपाकघरातून हाक मारली तरी बाहेर खेळणाऱ्या पोरीला ऐकू जावी. ठकी शाळेत गेली की ताई तो आठवणीने बंद करायची. ताई गेली, माईकचं कोणाच्या लक्षात राहणार? मला वाटलं, कुठे तरी कपाटात असेल. तो आईच्या गळ्यात होता. हिरवा दिवा चालू. आणि आई माझ्याकडे पाठ करून बोलत होती. समोरून एकदा ऐकू येत होतं, कानातून एकदा.

"ठकी आज थोडं जेवली गं. ताटात टाकलं, पण जेवली. आणि ही बघ, तुझ्याशी बोलता बोलता परत करपली भाजी. तुझा भाऊ काही बोलत नाही माझ्याशी. येतो, खातो, भिंतीकडे तोंड करून पडतो. मला वाटतं तो झोपत नाही, रडतो. तू त्याला काही तरी सांग ना. तुझं ऐकायचा तो."

मी पाना हातात धरून उभा. तुम्हीच सांगा, काय करायचं माणसाने? चोर पकडायला आलो होतो ना! आईने वळून बघितलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "पाना घेऊन काय उभा आहेस? नळ गळत नाहीये."

म्हटलं, आई, हे गळ्यात काय आहे? म्हणाली, ताईचं आहे. म्हटलं, ते कळलं, पण त्यात बोलतेस कशाला? तर मला म्हणते कशी, "अरे, बहिऱ्या पोरीला भिंतीपलीकडून ऐकू जायचं त्यातून. मग म्हटलं, कोण जाणे कुठवर जात असेल."

आता बोला. कंपनीने पुस्तकात लिहिलंय म्हणे, शंभर पावलांपर्यंत आवाज जातो. मी आईला पावलं सांगू?

सरांकडे गेलो. सर हळूच म्हणाले, सापडलं? म्हटलं, सापडलं. कोण? म्हटलं, घरचंच माणूस. सर म्हणाले, मग सोपं आहे, दुपारी बटण बंद करायला सांगा. सोपं! घरी जाऊन मी चारदा तोंड उघडलं. एकदा पाणी मागितलं, एकदा मीठ मागितलं, एकदा जांभई दिली. चौथ्यांदा आईच म्हणाली, काय रे, दाढ दुखते का? बटण काही माझ्या तोंडातून निघेना. आणि इकडे परीक्षा डोक्यावर. एका बाजूला पोरगी हातची जाते, दुसऱ्या बाजूला आई मुकी होते. ज्याला ऐकू येतं…

जाऊ दे. शेवटी आई अंघोळीला गेली तेव्हा माईक उचलला आणि धावत सरांकडे नेला. त्यांनी दोन बटणं दाबून त्याचा चॅनेल बदलला. म्हणाले, झालं, आता तुमच्या आईंचा आवाज ठकीला जाणार नाही. म्हटलं, कोणाला जाईल? म्हणाले, कोणालाच नाही. म्हटलं, कोणालाच? मी कानातला हेडफोन काढला, खोका त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, सर, हा पण त्याच चॅनेलवर लावता येतो का? त्यांनी का म्हणून विचारलं नाही. भला माणूस, म्हटलं ना. आई अंघोळ करून बाहेर यायच्या आत माईक परत जागेवर.

परीक्षा झाली. पुठ्ठ्याआडून बाई म्हणाल्या, फूल. ठकी म्हणाली, फूल. गाडी, तर गाडी. झाड, तर झाड. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, म्हटलं, संपलं, पण त्या काच पुसत होत्या. पोरगी राहिली. आमच्याकडेच राहिली. फाटकातून बाहेर पडल्यावर ठकीने माझा हात ओढला आणि विचारलं, "आजी बोलत नाही आता?" मी खाली बसलो, म्हणजे तिला ओठ दिसतील, आणि म्हटलं, बोलते. तुझ्या कानात गर्दी होत होती, म्हणून माझ्या कानात बोलते. तिला पटलं. तिला पटतं सगळं.

तर आता असं चाललंय. गॅरेज गल्लीच्या तोंडाशीच, दुपारभर टोपीखाली हेडफोन घालून मी गाड्यांखाली आडवा पडून काम करतो, आणि आई ताईला सगळं सांगते. शेजारीण कशी आहे. गुडघा कुठे दुखतो. मी दाढी करत नाही. मी कोणाशी धड बोलत नाही. मालक विचारतात, गाणी ऐकतोस का रे? म्हणतो, हो मालक, जुनी आहेत. परवा आई ताईला म्हणाली, साखर संपलीय, आणि तुझ्या भावाला चार वेळा सांगितलं तरी लक्षात राहत नाही. संध्याकाळी मी साखर घेऊन गेलो. काल म्हणाली, ह्याने निदान जेवताना माझ्याशी दोन शब्द बोलावेत गं. काय बोलणार, पण बोललो. गाडीच्या ब्रेकबद्दल बोललो. आईने सगळं ऐकून घेतलं, ताटात भात वाढला, आणि ठकीकडे बघून किती समाधानाने म्हणाली माहीत आहे का?

"बघ. मी ह्याला सांगून सांगून थकले, आणि तुझ्या आईने एकदा सांगितलं की लगेच ऐकतो."