न धुतलेला जासूस

माझ्या कारागिरीचं सांगतो, पण हसायचं न्हाई. टीव्हीवरच्या एका जासूस मालिकेपायी आम्ही बाराजण लई येडे. मी घरीच छपाईची स्क्रीन बनवून सगळ्यांच्या टी-शर्टावर त्या जासुसाचा चेहरा छापला. अकरा लातुरात वाटले, एक नांदेडला मिलिंदला धाडला. पंधरा दिवस नुसती वाहवा! मी तर दुकान टाकायच्या गोष्टी करून राहिलो होतो.

मग मिलिंदचा फोन आला. "अबे, एका धुण्यात जासूस गायब! इथला छापणारा म्हणतो, रंग पक्का व्हायला त्यावर गरम इस्त्री फिरवावी लागती. फिरवलीस का?"

"न्हाई बा."

"मग बाकीच्यांचे कसे टिकले?"

"कुणी धुतलेच न्हाईत. नळाला पाणी येऊन अठरा दिवस झाले. उन्हात वाळवतो, झटकतो, परत घालतो."



मालिकेच्या शेवटच्या भागाला सगळे माझ्या घरी जमलो. मिलिंद एसटीनं आला. अंगात तोच धुऊन कोरा झालेला टी-शर्ट, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. म्हणला, "घ्या, धुवा एकदाचे."

आईनं कॅन उचलून आत नेले आणि दारातून आम्हा अकराजणांवर डोळे वटारले, "खबरदार, एकानं जरी टी-शर्ट काढला तर!"