फळ्यावरचं चूलबंद आवतान

मंडळी, राम राम. वहिनी, तुमालाबी राम राम. बायांनो, जरा पुढं सरका, मागं उन्हात पोरं उभी हाईत. सरका, सरका. तात्या असते तर ह्येच पहिलं बोलले असते, म्हनून मीबी ह्येच पहिलं बोललो.

खरं सांगायचं तर मी बोलनार नव्हतो. मंडळाचे अध्यक्ष म्हनले, "म्हादू, तू बोलू नगं. शिंप्याच्या हातात सभा दिली की तो उसवतच न्यायचा." बरूबर हाय त्यांचं. दिवसभर मशिनीवर बसून माझं तोंड चालतं. कुनी इचारलं न्हाई तरी चालतं. पन आज बोलल्याबिगर ऱ्हावंना. नऊ दिस झालं तात्यांना जाऊन. नऊ दिस मी दुकान उघडतोय आन समोर बघवत न्हाई.

समोर काय हाय ते तुमाला म्हाईत हाय. पन तात्यांच्या पलटनीतले दोघं जुने दोस्त सांगलीसनं आल्यात, त्यास्नी सांगायला पायजे. पावनं, माझ्या दुकानाची पायरी, मधी नळाचं कोंडाळं आन पल्याडच्या भिताडावर तात्यांचा फळा. शाळेनं टाकून दिल्याला. एक कोपरा मोडका. तात्या पेन्शनीत आले आन तिसऱ्या दिशी त्यांनी तो स्वता खिळं ठोकून लावला. पलटनीत निरोप धाडायचं काम केल्याला मानूस. हात गप बसंना.

काय काय लिवायचे! "धोंडाबाईंची म्हैस व्याली. रेडी. दोघी खुशाल." "परटाच्या सदूचे पत्र आले. प्रकृती उत्तम. दाढी ठेवली आहे." "रेशनला साखर आली. भांडू नये." बोलायचे आमच्यावानीच, पन फळ्यावर शुद्ध. अक्षार असं, की दोरी धरून लिवल्यावानी. आमच्या आळीतल्या किती बाया घागर भरंस्तवर त्या फळ्यावर वाचायला शिकल्या, हात वर करा. बगा. बगा किती हात हाईत. धोंडाबाई, तूबी? तू तर मला रोज वाचून दाखवायला लावायचीस! म्हंजे येत हुतं तुला? काय बाई हाय!

आन कायदा एकच. बातमी लिवायच्या आदी त्या घरी जायाचं, उंबऱ्याभाईर उभं ऱ्हायाचं आन इचारायचं, "लिवू का?" घरचं मानूस "लिवा" म्हनलं तरच खडू उचलायचा. एकदा एका नवराबायकूचं असं भांडान झालं, की तांब्या उडून माझ्या दुकानात आला. नावं घेत न्हाई, दोघंबी हितंच बसल्यात आन हासायला लागल्यात. सकाळी तात्या त्यांच्या दारात. "लिवू का?" नवरा म्हनला, "आवं तात्या, काय लिवताय!" तर म्हनले, "मग मिटवा. न्हाईतर उद्या परत इचारीन." सांजंच्याला दोघं जोडीनं नाथाच्या देवळात. तांब्या मात्र अजून माझ्याकडंच हाय.

दुष्काळात तर लिवायला काय नसायचंच. मानसं खडी फोडायला गेल्याली, आळी रिकामी. तरी रोज पुसून नवीन तारीख घालायचे आन खाली लिवायचे, "आज काही नाही. सर्व ठीक." मी म्हनायचो, काय न्हाई तर कशाला लिवताय? म्हनायचे, "म्हादू, ठीक हाय हीबी बातमीच हाय गड्या. मानसं दमून येत्यात, त्यास्नी कळाय नगं?"

गेले त्या दिशी त्यांनी शेवटचं लिवलं, "उद्या नळास पाणी येणार नाही." लिवलं, हात झाडले, घरी जाऊन वहिनींकडं च्या मागितला, आन च्या यायच्या आदीच गेले. दुसऱ्या दिशी पानी खरंच आलं न्हाई. मानूस गेला तरी बातमी खरी! पन गंमत म्होरंच हाय. फळा पुसायला कुनाचा हात हुईना. तिसऱ्या दिशी नळ धो धो व्हातोय आन बाया फळा वाचून रिकाम्या घागरी घिऊन माघारी चालल्यात. मी वरडतोय, "आगं, पानी आलंय!" तर म्हनत्यात, "फळ्यावर न्हाई लिवलंय." नळापरास तात्यांवर इस्वास जास्ती. काय म्हनायचं ह्याला?

अशा मानसाच्या हातनं आख्ख्या जल्मात एकच चूक झाली. आन ती झाली माझ्या पोरीच्या लग्नात. तुमी समद्यांनी ती चूक खाल्लीया. पन पावन्यांसाठी सांगतो. आन तुमच्यातल्या लई जनास्नीबी त्यातलं एक ठावं न्हाई. मलाबी काल संध्याकाळपातूर ठावं नव्हतं.

दुष्काळाचं साल. माझी शालन कृष्णाकाठच्या घरात दिल्याली. त्यांच्याकडं ऊस, आन आमच्याकडं रेशनचा लाल मिलो, भाईरदेशातला जोंधळा, आन टँकरचं पानी. स्थळ कसं जुळलं ते नाथबाबाला म्हाईत. रातंध्यान एकच घोर. पावन्यांफुडं काय कमी पडलं तर पोरगीला जल्मभर ऐकून घ्यावं लागंल. हात आखडून मापात समदं धरलं हुतं. पावनं, आन आळीतलं घरटी एक मानूस. त्याच्या म्होरं एक पानबी वाढवायला गहू नव्हता घरात.

आदल्या दिशी तात्या आले. उंबऱ्याभाईर उभे. "लिवू का?" मी म्हनलं, "लिवा तात्या. घरटी एक लिवा." आन मला काय झालं कुनाला ठावं, डोळं भरून आलं. म्हनलं, "मनात तर चूलबंद हाय वो. पोरगी समद्यांच्या अंगनात रांगली. आख्खी आळी जेवाया पायजे. पन न्हाई जमत. घरटी एक लिवा." तात्या "बरं" म्हनले आन गेले.

पावनं, तुमच्याकडं म्हनत असतील का न्हाई, म्हनून सांगतो. घरटी एक म्हंजे घरातल्या एकानं जेवायला यायाचं. चूलबंद म्हंजे समद्या घरानं यायाचं, म्हातारं, पोरं, लेकुरवाळ्या, समदी. त्या दिशी घरात चूल पेटवायची न्हाई.

लग्न लागलं. अक्षता पडल्या. पयली पंगत बसतीया, आन बघतो तर आळी निसती लोटलीया! ही धोंडाबाई सुना-नातवंडासकट. मी म्हनलं, "मावशे, घरी कोन हाय?" ही म्हनती, "कोन असनार? चूलच पेटवली न्हाई. फळ्यावर चूलबंद लिवलंय न्हवं?"

लगीनघाईत मी फळा बघितलाच नव्हता. धावत फळ्याम्होरं गेलो. ह्ये एवढ्या अक्षरात, "आपल्या शालनचे लग्न. सर्वांस चूलबंद आमंत्रण."

तात्या तिथंच हुते. काय बोललो मी त्यास्नी! भर रस्त्यात. वहिनी, तुमच्या म्होरं सांगायला लाज वाटती. म्हनलं, म्हाताऱ्या, डोळं फुटलं का तुझं? माझी अब्रू घालवलीस. माझ्या पोरीचं वाटुळं केलंस. तात्या पलटनीत उभं ऱ्हात्यात तसं ताठ उभे. म्हनले, "चूक झाली. घरटी एकच्या जागी चूलबंद पडलं. चूक झाली शिंपी." आन मी दम घ्यायला थांबलो तर म्हनत्यात, "झालं? आता हात धू आन वाढायला घे."

मागं वळून बघतो तर बाया दुरड्या घिऊन यायला लागलेल्या! लाल मिलोच्या भाकरी, चवडीच्या चवडी. हुलग्याचं माडगं. मटकीची उसळ. मिरचीचा खर्डा, जाळ नुसता. मला वाटलं, नाथबाबाच पावला. इतकं एवढ्यात केलं कवा, हे इचारायचंबी भान नव्हतं मला.

पन माझं काळीज कुठं? व्याह्याच्या पानात. गव्हाची खीर खानारा मानूस, आन शेजारच्या पंगतीत लाल भाकरी. त्यांनी ती बघितली आन हात थांबला. तिकडं शालननं मान खाली घातल्याली. मला वाटलं, संपलं.

तवा तात्या गेले, व्याह्याच्या शेजारी मांडी घालून बसले आन म्हनले, "मला भाकरी वाढा." व्याह्यानं इचारलं, "तात्या, ही समदी ह्यांची भावकी का?" तात्या काय म्हनले आठवतंय न्हवं? म्हना की! "न्हाई जी. भावकीत भांडनं असत्यात. ही आळी हाय." व्याही असा हासला, असा हासला, की पटका सुटला. म्हनला, "मग मलाबी आळीचंच वाढा." आन खाल्ला की खर्डा! नाकातोंडातनं पानी, अंगरख्याच्या बाहीनं नाक पुसतोय आन म्हनतोय, "आजून आना." मी शिवलेला अंगरखा, नवाकोरा!

शालन बसलीया तिकडं. दोन लेकरं घिऊन आलीया तात्यांसाठी. तिला इचारा. सासरी पयल्या दिशी सासू काय म्हनली? म्हनली, "हिला कोनी बोलू नगा रं. हिच्या मागं आख्खं गाव चूल बंद करून येतंय." सांगा, बापानं आनखी काय मागावं?

तवापासनं आपल्या आळीत घरटी एक ही गोष्टच ऱ्हायली न्हाई. लगीन कुनाचंबी असू दे, आवतान चूलबंद, आन ज्यानं त्यानं येताना आपलं पीठ आनायचं. मंडळानं ठरावच केला. पन मी? मी सहा वर्सं तात्यांना सोडलं न्हाई. आवतान लिवायला खडू उचलला की हितनं वरडायचो, "तात्या, नीट लिवा हां! चूक व्हईल!" आन ते हात वर करून म्हनायचे, "एकदाच चुकलो बाबा, एकदाच." समदी हासायची. तेबी हासायचे.

काल संध्याकाळी वहिनींनी मला बोलावलं. म्हनल्या, "भावजी, तेराव्याचं आवतान फळ्यावर लिवा. घरटी एक लिवा. मी एकली, मला कुठं झेपतंय." मी म्हनलं, लिवतो. आन निघता निघता सवयीनं बोललो, "वहिनी, तात्यांवानी चूक करत न्हाई." तर वहिनींनी मला थांबवलं. म्हनल्या, "भावजी, तुमाला अजून ती चूकच वाटती? आवं, तुमच्या दारातनं आले ते फळ्याकडं गेलेच न्हाईत. आदी घरी आले. मला म्हनले, पीठ किती हाय बघ. उद्या सकाळी लवकर भाकरी थापायला लागतील. मग मला चार घरी धाडलं, पीठ काढून ठिवा म्हनून सांगायला. त्या चार घरास्नी तोंड मिटायची शपत घातली. मगच खडू घेतला हातात."

मंडळी, ऐकलंत न्हवं?

ज्या मानसानं न इचारता कुनाची म्हैसबी फळ्यावर लिवली न्हाई, त्यानं माझ्यासाठी आपला कायदा मोडला. माझ्या तोंडचं सोडलं आन मनातलं लिवलं. आन भर रस्त्यात माझ्या शिव्या खाल्ल्या. सहा वर्सं माझी थट्टा खाल्ली. एकदा, निस्तं एकदा म्हनायचं की, "म्हादू, मी मुद्दाम केलं." न्हाई म्हनले. म्हनले असते तर माझ्या पोरीचं लगीन आळीनं उपकारानं पार पाडलं असं झालं असतं. चूक म्हनले, म्हनून माझी मान ताठ ऱ्हायली. तात्या, लय मोठा मानूस हुतास रं तू. आन मला शिंप्याला एवढं माप काढायला सहा वर्सं लागली.

आता शेवटचं सांगतो. वहिनी, रागवायचं असंल तर आत्ताच रागवा.

आज सकाळी मी फळा पुसला. पयल्यांदा. नळाची जुनी बातमी पुसली, तारीख घातली आन तेराव्याचं आवतान लिवलं. अक्षार वाकडंतिकडं हाय, वळी खाली गेल्याती, पन वाचता येतंय. तुमी सांगितलं हुतं घरटी एक. वहिनी, माझ्या हातनं चूक झाली. चूलबंद पडलं.

आन पिठाची काळजी करू नगा. खडू हातात घ्यायच्या आदी मी चार घरी जाऊन आलोय.

वहिनी हासल्या बगा! बगा, नऊ दिसांनी हासल्या.

चला, उठा समदी. म्हाताऱ्यांनो, तुमी बसूनच ऱ्हावा. तात्या फळा पुसायला लागले की नळावरची भांडनं थांबायची, आता काय लिवत्यात म्हनून समदी गप हून बघायची. तेवढाच येळ गप ऱ्हावा आता. आन मग ते लिवून झाल्यावर हाताचा खडू झाडायचे तसं हात झाडून, मोठ्यानं, त्यास्नी ऐकू जाईल असं म्हना, नाथबाबाच्या नावानं चांगभलं.

गप ऱ्हावा. तात्या फळा पुसत्यात.