देवघर ते गॅलरी

"तिला काय, 'बघू' म्हटलं की गप राहती. यशूची पीटी होऊ दे, तवर नोकरीचं डोक्यातून निघून जाईल तिच्या."

…आता हे वाक्य माझ्यासाठी नव्हतंच. ते सासूबाई फोनवर राजूरच्या मावशींना सांगत होत्या, आणि मी कुठं, तर दाराच्या ह्या बाजूला, हातात त्यांच्याच गोळ्या नि कोमट पाण्याचा गिलास घेऊन. फोन स्पीकरवर. आमच्याकडं फोन स्पीकरवरच असतो, गुपित असलं तरी. तिकडून मावशी म्हणतात, "नशीबवान हायेस रमा, आमची तर दिवसभर तोंड चालवून राह्यली." मी आत गेले, गिलास दिला, गोळ्या दिल्या. मी काही बोलले नाही.

तुम्हाला सांगते, न बोलणाऱ्या बाईचं एक असतं, पहिला महिनाभर लोक त्याला संस्कार म्हणतात. किती शांत पोरगी, किती गुणाची पोरगी… आणि मग हळूहळू तुमच्या वतीनं सगळेच बोलायला लागतात. कल्याणीला वांगं आवडतं. कल्याणीला हिरवा रंग आवडतो. कल्याणीला गरम होत नाही. मला गरम होतं हो! पण पंखा बंद झालेला असतो, आणि कल्याणी मान हलवते.

नोकरीचंही तसंच. मी बीएस्सी ॲग्री आहे. एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये माझी निवड झालीय. काम काय, तर ओल्या कागदावर बिया मांडायच्या, गुंडाळून ठेवायच्या, आणि उगवल्या किती ते काही दिवसांनी बघायचं. माझ्यासाठीच केलेलं काम! दिवसभर बियांच्या संगतीत… बी कधी विचारत नाही, "चहा टाकला का?" लग्न ठरताना हे सगळं बोलणं झालं होतं, तेव्हा सगळे म्हणाले, हो हो, करू दे की, आजकाल कोण अडवतं. खरंच कोण अडवत नाही. नुसतं 'बघू' म्हणतात. माझे अहो, म्हणजे अद्वैत, ते म्हणतात, "तू आईशी बोल." आई म्हणतात, "अद्वैतला विचार." अद्वैत म्हणतात, "बाबांच्या कानावर घाल." बाबा पेपरमागून म्हणतात, "घरातलं सगळं तुझ्या सासूबाईंकडं." म्हणजे फिरून पुन्हा स्वयंपाकघर. आणि महिन्याच्या शेवटच्या सोमवारी हजर व्हायचंय, नाहीतर ते दुसरं कुणी घेणार, असा कंपनीच्या मॅडमचा फोन येऊन गेलेला. मी त्यांना काय म्हणाले असेन? "बघते." संगत लागते माणसाला.

आता ह्यात पीटी कुठून आली, तर ती यशश्रीमुळं. यशू माझी नणंद, दहावीला. गणितात हुशार, विज्ञानात हुशार, आणि पीटीच्या तासाला वर्षानुवर्षं आईची चिठ्ठी. पोटात दुखतंय, डोकं दुखतंय, पाय मुरगळलाय. एकदा तर चिठ्ठीत नुसतंच 'दुखतंय' लिहिलेलं होतं. तेही चाललं. पण ह्या वर्षी शाळेत धर्मराज सर आले, आणि ते म्हणाले, चिठ्ठ्या बंद. लेखी होणार, मैदानावर प्रात्यक्षिकही होणार, धावणं आणि सूर्यनमस्कार. बिगर परीक्षेची श्रेणी मिळणार नाही, आणि गुणपत्रिकेवर ती जागा कोरी राहील. झालं! कोरी जागा म्हटल्यावर बाबांना रात्रीची झोप नाही. पाटबंधारेच्या ऑफिसात उभा जन्म गेला त्यांचा, एक रकाना कोरा सोडला नाही त्यांनी.

मग घरात बैठक बसली, आणि मुद्दा आला, पोरीला शिकवायचं कुणी? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "कल्याणी खेड्यातली हाये, तिला पळायची सवय असंल." आता काय सांगायचं? आमचं गाव राजूरच्या पलीकडं हे खरं, पण आम्ही काय हरणं आहोत का? माझ्या शाळेत पीटीचा तास वेळापत्रकात होता, आणि वर्गात गणिताचे सर असायचे. मी आयुष्यात पळाले असेन तर एसटीमागं, तेही कंडक्टरनं घंटी मारल्यावर. हे सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "बघा, तयार हाये ती."

मैदानावर जायचं नाही, हे आधीच ठरलं. का? तर नवी सून मैदानावर पळताना दिसली की जुन्या जालन्यात बाजाराला जायची सोय राहणार नाही. "वर्ष तरी होऊ दे," सासूबाई म्हणाल्या. पळायला वर्ष! मग सराव घरातच. देवघरापासून निघायचं, हॉलमधून टीपॉयला वळसा घालायचा, गॅलरीच्या दाराला हात लावायचा, आणि फिरून देवघर. खाली कापडाचं गोडाऊन, त्यामुळं तक्रार करायला कुणी नाही. यशू पुढं, मी मागं, पदर खोचलेला, आणि दर फेरीला देवाकडं तोंड झालं की यशू पळता पळता नमस्कार करायची. बाबा सोफ्यावर, मोबाईलमध्ये घड्याळ लावून. "जल्दी, जल्दी… टीपॉय सांभाळा, काच आहे." सासूबाई स्वयंपाकघरातून, "कल्याणी, पळता पळता कुकरची शिट्टी मोज गं." आणि मी मोजायची, तुम्हाला खोटं वाटेल, पण मी मोजायची.

लेखीचं तर विचारूच नका. लेखी बाबांकडं. बाबा गाईडमधून विचारणार, यशू दिवाणावर आडवी पडून उत्तरं देणार. "दमदारपणा म्हणजे काय?" "दमदारपणा म्हणजे न थकता दीर्घकाळ काम करत राहण्याची क्षमता…" हे ती उशीला टेकून सांगून राह्यली, आणि मी तिच्या डोक्यावरून भांड्यांची टोपली घेऊन चालले. "चपळता म्हणजे काय?" "शरीराची दिशा जलद बदलण्याची क्षमता." "बराबर. व्यायामाचे फायदे सांग." तिनं दहा सांगितले, आणि मग म्हणाली, "वहिनी, जरा पाणी देता का?" दिलं.

पण सूर्यनमस्कार… ते मात्र माझ्या आयुष्यातलं एक प्रकरण आहे. बाबा एकेक स्थिती मोठ्यानं वाचणार आणि आम्ही दोघींनी ती करायची, असा नेम. एक, हात जोडा. दोन, हात वर, मागं झुका. तीन, कमरेतून वाका, तळवे पायाशी. आम्ही वाकलो. आणि बाबांचा फोन वाजला. कुणीतरी जुने साहेब, पेन्शनचं काहीतरी अडलेलं. बाबा बोलतायत, आम्ही वाकलेल्या. बाबा उठून गॅलरीत गेले, आम्ही वाकलेल्या. यशू खालून कुजबुजली, "वहिनी, चार म्हटले का?" मी म्हटलं, "अजून नाही." आता तुम्ही म्हणाल, उठायचं ना सरळ! पण सासरे 'तीन' म्हणून गेलेत, आपण मनानं चार कसं करायचं? तेवढ्यात सासूबाई आल्या, आम्हाला बघितलं, म्हणाल्या, "आता खालीच हायेस तर सोफ्याखाली माझं चष्म्याचं घर पडलंय का बघ." होतं. दिलं काढून. मला त्या दिवशी पायांमधून सगळं घर उलटं दिसत होतं, छताला पाय लावून सासूबाई चाललेल्या, आणि खरं सांगू, तेव्हा पहिल्यांदा मला ते घर समजलं. ह्या घरात प्रत्येकजण कुणीतरी 'चार' म्हणायची वाट बघतोय. अद्वैत आईची, आई अद्वैतची, बाबा कुणाची ते त्यांनाच ठाऊक. आणि म्हणणारा गॅलरीत फोनवर.

त्यात परीक्षा पुढं पुढं जायला लागली. एका शनिवारी सरांना कसलंसं काम लागलं, दुसऱ्या शनिवारी मैदानावर कुणाचा तरी मांडव पडला. प्रत्येक वेळी सासूबाई म्हणायच्या, "चला, बरं झालं, तयारीला वेळ मिळाला," आणि माझा सोमवार मात्र आपला सरळ चालत येऊन राहिलेला, त्याला कुणी पुढं ढकलत नव्हतं.

शेवटी झाली एकदाची परीक्षा. सोमवारच्या आधीच्या शनिवारी. आम्ही सगळेच गेलो. बाबा गाईड घेऊन, सासूबाई ग्लुकोजची बाटली घेऊन, अद्वैत गाडीची किल्ली फिरवत, आणि मी… मी टॉवेल धरून. लेखी आधीच झालेलं, त्यात यशू वर्गात पहिली. धर्मराज सरांनी शिट्टी मारली. पोरी सुटल्या. आमची यशू काय सुटली म्हणता! सगळ्यांच्या पुढं. बाबा उठून उभे राहिले. सासूबाईंनी माझा हात धरला. आणि यशू थोडी पुढं गेली, टीपॉय असल्यासारखा हवेतच वळसा घातला, हात लांब करून कशाला तरी लावला, गर्रकन फिरली… आणि पळत परत आमच्याकडं आली.

सर म्हणाले, "परत का आलीस?"

"सर, गॅलरी आली ना."

चपळतेचे गुण द्यायला पाहिजे होते, माझं मत. पुढं सूर्यनमस्कार. एक, दोन, तीन. वाकली. सर बाकीच्या पोरींकडं गेले, त्यांचे नमस्कार झाले, त्या पाणी प्यायल्या, त्यांनी चपला घातल्या, आणि आमची यशू मैदानाच्या मधोमध वाकलेलीच. कुणी चार म्हटलं नव्हतं.

सर आमच्याकडं आले. चांगला माणूस, ओरडले नाहीत. म्हणाले, "पुढच्या शनिवारी पुन्हा घेतो. तोवर रोज सकाळी हिला मैदानावर आणा. मैदानावर… घरात नको." यशू रडायला लागली. आणि सासूबाईंनी, माझ्याकडं न बघता, माझ्या वतीनं सांगून टाकलं, "आणंल की कल्याणी. रोज आणंल. तिला कुठं काय हाये? नोकरीचं मंग बघू."

मी टॉवेलची घडी घातली. आणि म्हणाले, "मी सोमवारपासून कामावर जाणार आहे."

तुम्हाला काय वाटलं, वादळ झालं असेल? अहो, कुठलं वादळ! यशू रडायची थांबली. बाबांनी गाईड मिटलं. अद्वैतच्या हातातली किल्ली फिरायची थांबली. आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, बोलली!" बाबा म्हणाले, "आवाज चांगला आहे की. खणखणीत." यशू म्हणाली, "घरी तर वहिनी नुसत्या कुजबुजतात." सासूबाई सरांना सांगायला लागल्या, "सर, लई गरीब हाये हो, कधी म्हणून बोलत न्हाई, आज बघा कशी बोलली." सरांनी माझं अभिनंदन केलं. मग अद्वैतनं विचारलं, "पण ती म्हणाली काय?" आणि सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "काय की… पण बोलली."

म्हणजे इतके महिने सांभाळून ठेवलेलं एकच वाक्य, ते असं आनंदात वाया गेलं. आता भांडणारी मी नाही. भांडायला दमदारपणा लागतो, तो माझा सगळा कुकरमागं पळण्यात गेलेला. पुन्हा सांगायचं तर त्यांना पेलेल तेवढंच सांगायचं, हे मला उमगलं. म्हणून बाबा गाईड वाचतात ना, तसं एकेक शब्द तोडून मी पुन्हा म्हणाले,

"सकाळी यशूला मी मैदानावर पळवते. तिथून आले की कामाला जाते, सोमवारपासून रोज. मधले नाश्त्याचे पोहे तेवढे तुमचे तुम्ही करून घ्या."