आधी कुकर, मग माणूस

लिंडिवे : म्हणजे आज भुतं सुट्टीवर आहेत, एवढंच ना?

मेंगकाकू : सुट्टीवर न्हाई, वर आभाळात गेल्यात. नऊ-दहा तिथीला जातात. बाकीचे दिवस चारी दिशांना हिंडत असतात. तवा घर हलवलं की मागं लागतात.

सेजिन : लिंडी, चेष्टा नको. काकूंनी मुद्दाम दिवस काढून दिलाय. शाळेच्या ऑफिसने काल शुक्रवारीच खोली सोडायला सांगितली होती. काकू ताबाच घेईनात.

लिंडिवे : भुतांनासुद्धा दर महिन्याला सुट्टी! आणि मला? उन्हाळ्याच्या सुट्टीत इंग्रजीचं शिबिर, हिवाळ्याच्या सुट्टीत इंग्रजीचं शिबिर. पुढच्या जन्मी इथेच भूत होऊन यावं म्हणते.

मेंगकाकू : पुढचा जन्म कशापायी? आरशात बघ. आत्ताच झालीयेस. नुसती हाडं राहिलीत.

सेजिन : हे खोकं टेम्पोत ठेवू का? वर ‘पुस्तकं’ लिहिलंय आणि आत काहीतरी खडखडतंय.

लिंडिवे : मसाल्याच्या बरण्या आहेत. पुस्तकं लिहिलं की लोक हळू ठेवतात.

मेंगकाकू : जिन्यात आपटू नका काही. घरात तेवढा जिनाच शाबूत राहिलाय.

लिंडिवे : ऐकलंस ना सेजिन? जिना जपायचा. भाडेकरू फुटला तरी चालेल. तीन वर्षं राहिले मी इथे. आणि एका संध्याकाळी तू येऊन सांगतेस, ‘काकू खोलीचा करार पुढे चालवणार नाहीत.’ तेव्हा या बाई खाली दुकानात बसून तांदळाच्या वड्या कापत होत्या. जिना चढून दोन शब्द बोलायला झालं नाही.

मेंगकाकू : गुडघे दुखतात.

लिंडिवे : पहाटे तांदळाची पोती उचलताना नाही दुखत.

मेंगकाकू : पोती उलट बोलत न्हाईत.

सेजिन : अहो, दोघी जरा... नवं घर खरंच छान आहे, काकू. जिल्ह्याच्या गावात, बाराव्या मजल्यावर. लिफ्ट आहे. दाराला आकड्यांचं कुलूप आहे. कपडे धुण्याचं मशीन ओट्याखालीच बसवलंय.

लिंडिवे : पाहिलं मी. पलंगावर बसून डाव्या हाताने भाजी ढवळायची आणि उजव्या हाताने कपडे मशीनमध्ये टाकायचे. उठायची गरजच नाही, शाळेने किती विचार केलाय! खिडकी उघडली तर हाताच्या अंतरावर समोरच्या इमारतीतल्या माणसाची खिडकी. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, दोघांनी पडदे ओढले. झाला शेजारधर्म.

सेजिन : पण शाळेपर्यंत बस आहे.

लिंडिवे : दोन आहेत. एक उतरून दुसरी धरायची. बरंच आहे. सोमवारी पुढच्या वर्षाच्या नोकरीची सही करायची आहे. बसमध्ये बसून निवांत विचार करीन, सही करावी की घरी डर्बनला जायचं तिकीट काढावं.

सेजिन : असं ऑफिसात नको हं बोलूस.

लिंडिवे : मी कुठे बोलते? माझ्या वतीने तू बोलतेस.

सेजिन : मग काय करू? तू कोरियन शिकलीस ती काकूंच्या दुकानात. मुख्याध्यापकांशी बोललीस तर त्यांना वाटतं, बाई मिरच्यांचा भाव सांगतेय.

लिंडिवे : मी म्हणाले, भिंतीला काळी बुरशी आलीय. तू ऑफिसला काय सांगितलंस?

सेजिन : ...भिंतीवरचा कागद जरा जुना झालाय.

लिंडिवे : म्हणून बुरशीवर नवा कागद आला. मग मी म्हणाले, नव्या कागदातून बुरशी वर आली. तेव्हा काय सांगितलंस?

सेजिन : रंग डोळ्यांवर येतो म्हणून. अगं, समोर उपमुख्याध्यापक होते! घर शाळेने दिलेलं. त्यात बुरशी आहे म्हणणं म्हणजे शाळेलाच बुरशी आलीय म्हटल्यासारखं नाही का?

लिंडिवे : म्हणून आणखी एक कागद, फुलाफुलांचा. त्याखाली पहिला, त्याखाली माझ्या आधीच्या कॅनडावालीचा ढगांचा, त्याखाली तिच्या आधीच्या आयरिश मास्तरचा पट्ट्यापट्ट्यांचा. आणखी चार मास्तर येऊ द्या, खोली कागदांनीच भरेल. माणूस ठेवायची गरज उरणार नाही.

मेंगकाकू : माणूस नकोच हाय मला. मिरच्या वाळवणार हाय त्या खोलीत. रस्त्यावर घातल्या की गाड्या धूळ उडवतात. मिरच्या बऱ्या. आईला फोन लावून रडत न्हाईत. खरकट्याच्या डब्यात हाडं टाकत न्हाईत.

लिंडिवे : एकदा! एकदाच टाकली होती.

मेंगकाकू : ते एकदाचं अख्ख्या बाजाराला ठावं हाय. हाडं खरकट्यात जात न्हाईत, हे इथं शेंबडं पोरगंपण सांगंल. मासळीवाली अजून विचारते, ‘तुमची मास्तरीण हाडं ओळखायला शिकली का गं?’

सेजिन : आणि बुटांचं आठवतं का, काकू?

मेंगकाकू : विसरते व्हय? पहिल्याच दिवशी बूट घालून आत निघाली होती.

लिंडिवे : निघाले होते, गेले नव्हते. जाऊ कुठे दिलंत? जगाच्या दुसऱ्या टोकाहून आलेले मी. दोन बॅगा, डोळे मिटतायत. आणि दारात या बाई आडव्या, हातात कुकर! मला जिन्यात उभं केलं. कुकर घेऊन आत गेल्या, खोलीच्या मधोमध जमिनीवर ठेवला, चांगला निरखून पाहिला, आणि मग मला म्हणाल्या, ‘ये.’ मला वाटलं, खोली कुकरला भाड्याने दिलीय आणि मी त्याची पोटभाडेकरू.

सेजिन : अगं, नव्या घरात भाताचा कुकर आधी नेतात. म्हणजे घरात अन्न कमी पडत नाही. तुझ्याकडे नव्हता म्हणून काकूंनी स्वतःचा आणला.

लिंडिवे : तेव्हा तू मला एवढंच म्हणालीस, ‘घरमालकीण तुझं स्वागत करतेय.’ स्वागत असं, तर हाकलणं कसं असेल हे बघायचं होतं मला. तेही बघून झालं.

मेंगकाकू : झालं बोलून? कुठाय त्यो कुकर?

लिंडिवे : हा काय. घासूनपुसून ठेवलाय. तुमचा तुम्हाला परत. ओरखडा दिसला तर शाळेकडून भरून घ्या.

मेंगकाकू : शाळा त्यावर कागद चिकटवंल.

लिंडिवे : काकू, एक विचारू? त्या खोलीत माझा टॉवेल चार-चार दिवस वाळत नाही. कपाटातल्या कोटाला हिरवी लव फुटली होती. आणि तिथे तुम्ही मिरच्या वाळवणार?

मेंगकाकू : ...पंखा लावीन.

लिंडिवे : आभाळ नुसतं भरून आलं तरी तुम्ही गिऱ्हाईक सोडून मिरच्यांवर ताडपत्री घालायला धावता. मिरची हुंगून सांगता कुठल्या शेतातली. आणि तुम्ही मिरच्या त्या बुरशीत घालणार? काय घोडं मारलंय मिरच्यांनी तुमचं?

मेंगकाकू : खाली माझ्या वड्यांची वाफ चढलीय. मला तुमच्यासारखी शनिवारची सुट्टी न्हाई. आण त्यो कुकर इकडं.

(मेंगकाकू कुकर उचलून दुकानात जातात.)

लिंडिवे : पळाल्या. गुडघे बघ कसे चालतायत! सेजिन, तू खाली मान घालून काय बघतेस? तिथे खोकं नाहीये.

सेजिन : तुला सांगू नकोस, असं काकूंनी मला बजावलंय.

लिंडिवे : मग तर सांगच.

सेजिन : मागच्या महिन्यात काकू शाळेत आल्या होत्या. लग्नाकार्याला घालतात ते कपडे घालून. ऑफिसात बसल्या, पुडीची कॉफी प्यायल्या, आणखी एक मागितली. मग उपमुख्याध्यापकांना म्हणाल्या, त्या पोरीला दुसरीकडं ठेवा. ते म्हणाले, खोली उत्तम आहे, दोनदा कागद लावलाय, तिला खिडकी उघडत जा म्हणावं.

लिंडिवे : खिडकी! बघ, मला कसं सुचलं नाही? आमच्या आफ्रिकेत खिडक्या नसतातच ना.

सेजिन : ऐक तर. काकूंनी पिशवीतून कागदाचा तुकडा काढला. तोच, फुलाफुलांचा, तुझ्या पलंगामागचा. तू शिबिराला गेलीस तेव्हा सोलून घेतला होता. मागची काळी बाजू वर करून तो त्यांच्या टेबलावर ठेवला, कॉफीच्या कपाशेजारी. आणि म्हणाल्या, ‘हुंगा.’

लिंडिवे : तो काकूंनी सोललाय? मला वाटलं उंदीर झालेत! मी तुझ्याकडे तक्रारही केली होती.

सेजिन : हो. मी ऑफिसला कळवलं, कोपऱ्यात कागद जरा सैल झालाय.

लिंडिवे : धन्य आहेस. मग? हुंगला त्यांनी?

सेजिन : हुंगला गं! काय करतात बिचारे? पण नंतर म्हणाले, दुसरं घर शोधायचं म्हणजे वेळ लागतो, पुढच्या वर्षी बघू. तेव्हा काकू उठल्या आणि म्हणाल्या, मग मी खोली देतच न्हाई. हिलाच न्हाई, कुणालाच न्हाई. आता शोधा. म्हणून हे नवं घर मिळालं, लिंडी. नाहीतर ऑफिसने तिसरा कागद पसंत करून ठेवला होता.

लिंडिवे : कसला?

सेजिन : फुलपाखरांचा.

(मेंगकाकू परत येतात. हातात परात, काखेत कुकर.)

मेंगकाकू : सेजिनबाई, तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई. शाळेत पोरांची गुपितं कशी राखतेस?

सेजिन : काकू, मी फक्त...

लिंडिवे : मला का नाही सांगितलंत?

मेंगकाकू : सांगितलं असतं तर गेली असतीस? हिवाळ्यात म्हटलं न्हवतं, पोरी, दुसरी खोली बघ? तर म्हणालीस, ‘काकू, खोकला काय, दोन दिवसांचा पाहुणा.’ तुझा पाहुणा वसंत सरला तरी उठंना. तू वर खोकायचीस, मी खाली ऐकायची.

लिंडिवे : मग भिंत दुरुस्त करायची.

मेंगकाकू : भिंतीचा काय दोष? खाली माझ्या वड्यांच्या चुली. त्यांची वाफ वर जाणार न्हाई तर कुठं जाणार? त्यो आयरिश मास्तर खोकत गेला, मला वाटलं सिगरेट. कॅनडावाली खोकत गेली, मला वाटलं नाजूक हाय. तू खोकायला लागलीस तवा माझ्याकडं सांगायला काही उरलं न्हाई. माझं पोट त्या वाफेवर चालतं. आणि त्याच वाफेनं तुझी छाती भरली. तू खोकलीस की माझी मला लाज वाटायची. हे काय जिना चढून सांगायचं असतं?

लिंडिवे : तीन आठवडे बोलले नाही मी तुमच्याशी.

मेंगकाकू : कानांना बरं वाटलं.

लिंडिवे : दुकानासमोरून जाताना मान फिरवून जायचे.

मेंगकाकू : बघितलं. मान फिरवून चालताना खांबावर आपटलीस, ते पण बघितलं. आधी हसले. मग वाईट वाटलं.

सेजिन : दोघी रडणार असाल तर मी टेम्पो बाजूला घेते. मागे मासळीवाली खोळंबलीय. आणि टेम्पो बाबांचा आहे, संध्याकाळी त्यांना त्यात नाशपाती भरायच्यात.

मेंगकाकू : रडतंय कोण? वाफ हाय ती.

लिंडिवे : वाफच आहे. वाईट असते. भिंतीसुद्धा खाते.

मेंगकाकू : ही परात धर. लाल घेवड्याचा थर दिलेल्या वड्या हायेत. नव्या घरी गेलं की शेजाऱ्यांना वाटायच्या.

लिंडिवे : काकू, तिथे कुणी दार उघडत नाही.

मेंगकाकू : गरम वडीचा वास आला की उघडतात. त्या पडदेवाल्याला खिडकीतूनच दे.

सेजिन : आणि वरच्या खोलीचं काय करणार, काकू?

मेंगकाकू : राहील मोकळी. वाफेला ऐसपैस होईल.

लिंडिवे : तुमचं भाडं बुडालं की.

मेंगकाकू : इंग्रजी शिकवतेस का हिशेब? बस टेम्पोत. थांब, आधी हा कुकर घे. मागं खोक्यांत न्हाई, मांडीवर घे. तिथं गेलं की आधी हा आत न्यायचा, मधोमध ठेवायचा, मग तू जायचं. बूट काढून.

लिंडिवे : म्हणजे तिथेही मी पोटभाडेकरूच.

मेंगकाकू : सवय हाय तुला. झाकण उघडू नकोस! रिकामा नेत न्हाईत, म्हणून तांदूळ घातलेत.

लिंडिवे : एवढे? अहो काकू, मी एकटी आहे.

मेंगकाकू : दोघींचे हायेत. उद्या रविवार, माझं दुकान बंद. बस कुठली ते कागदावर लिहून दे. मोठ्या अक्षरात.

लिंडिवे : एका बसने नाही होत. मध्ये उतरून बदलावी लागते.

मेंगकाकू : मग कुठं उतरायचं तेपण लिही. वर्षभर यायचंय मला.